सुगरण या शब्दातलं घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "आमची सून मोठी सुगरण आहे," आणि तुम्हाला ते खटकलं. निफाडजवळच्या द्राक्षबागेचा सगळा हिशेब, मजुरांची हजेरी, फवारणीची वही तुम्ही सांभाळता, आणि चारचौघांत कौतुक झालं ते मात्र स्वयंपाकाचं, असं तुम्हाला वाटलं. म्हणून तुम्ही विचारलंय की सुगरण म्हणजे फक्त चांगलं रांधणारी का? हा शब्द 'सुग्रास'वरून आला की हिंदीतल्या 'सुघड़'वरून? पक्ष्याला हे नाव आधी मिळालं की बाईला? सुगरण बरोबर की सुगरीण? आणि घरात उत्तम स्वयंपाक करणारे तुमचे यजमान असतील, तर त्यांना काय म्हणायचं?

मी नाशकात मराठीचं व्याकरण शिकवलं आणि जिल्ह्यातल्या बोलींमधले शब्द टिपत राहिले. 'सुगरण' हा माझा फार जिव्हाळ्याचा शब्द, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

सरळ उत्तर आधी. सुगरण हा शब्द 'सुगृहिणी'वरून आला. सु म्हणजे चांगली, गृहिणी म्हणजे घराची धनीण. चूल, पोळपाट, चव यांतलं काहीही मुळात त्या शब्दात नाही. आहे ते घर. सासूबाईंच्या मनात नेमकं काय होतं ते त्याच सांगतील, पण आपल्याकडच्या जुन्या बायका हा शब्द घर चालवण्याच्या अकलेसाठी वापरतात, आणि त्या अकलेत तुमची हिशेबाची वही पहिल्या ओळीत बसते.

आता हे कशावरून, ते सांगते.

संस्कृत 'गृहिणी'चं प्राकृतात 'घरिणी' झालं. गृहचं घर झालं त्याच वाटेने. पुढे प्राकृताची मराठी होताना शब्दाच्या शेवटचे स्वर गळाले. बहिणी होती, तिची बहीण झाली. हत्थिणी होती, तिची हत्तीण झाली. तसंच 'सुघरिणी'च्या शेवटची ई गेली आणि 'सुघरीण' उरली. मधली ई कुणाच्या तोंडी टिकली, कुणाच्या तोंडी सैल पडून तिचा अ झाला. गोठ्यातला शब्द आठवा. गर्भिणी, मग गब्भिणी, आणि मराठीत गाभीणही आणि गाभणही. आपण दोन्ही म्हणतो आणि दोन्ही बरोबर. सुगरीण आणि सुगरण ही अगदी तशीच जोडी आहे, त्यामुळे कुणी तुमचं 'सुगरीण' खोडून 'सुगरण' करायला लागलं तर ऐकू नका. लिहिताना एवढंच लक्षात ठेवा की 'सुगरीण'ला प्रत्यय लागला की मधली ई ऱ्हस्व होते: सुगरिणीने, सुगरिणीला. 'सुगरण'चं सरळ सुगरणीने, सुगरणीला.

राहिला 'घ'चा 'ग'. इथे बरेच जण अडतात. घर हा शब्द जसाच्या तसा मराठीत आहे, मग सुघरण का नाही, असं विचारतात. ख, घ, थ, झ, भ अशा अक्षरांत जो ह मिसळलेला ऐकू येतो, त्याला महाप्राण म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीला असलेला महाप्राण मराठीने जपला, मधला मात्र पुष्कळदा सोडून दिला. हत्थचा हात झाला, भिक्खाची भीक झाली, संझाची सांज झाली. आणि अगदी 'सु' लागलेलंच उदाहरण हवं असेल तर संक्रांतीला आपण जी मातीची लहान मडकी पुजतो ती पाहा. हरभरे, बोरं, उसाची कांडं, तिळगूळ भरून ठेवतो ते सुगड. ते मूळचं 'सुघट', म्हणजे चांगला घट. तिथेही 'सु'च्या पुढच्या घ चा ग झाला. सुगड आणि सुगरण हे शब्द उच्चाराच्या एकाच वळणाने आले. जानेवारीत नाशकातल्या रविवार कारंजा चौकात सुगडं घ्याल तेव्हा हे आठवलं तर मला आनंद होईल.

सुगडाने तुमच्या 'सुघड़'चंही उत्तर दिलं. हिंदीत 'सुघड़ गृहिणी' म्हणतात खरं, आणि अर्थही जवळचा आहे, पण तो शब्द 'घट्', म्हणजे घडवणे, या धातूकडचा आहे. नीट घडलेला, सुबक, म्हणून सुघड़. तो सुगडाचा भाऊ, सुगरणीचा नव्हे. 'सुग्रास'चा तर काहीच संबंध नाही. सुग्रास म्हणजे चांगला घास. ग्रास या शब्दातून 'रण' निघायला कुठलीच वाट नाही. ऐकायला जवळचे आणि दोन्ही जेवणाशी जोडलेले, म्हणून लोकांनी त्यांचं नातं लावून दिलं.

घर असं शब्दाच्या पोटात दडून बसण्याची मराठीत आणखी दोन सुंदर उदाहरणं आहेत, आणि ती दोन्ही बायकांच्या आयुष्यातली आहेत. माहेर म्हणजे मातृगृह, आईचं घर. सासर म्हणजे श्वशुरगृह, सासऱ्याचं घर. माहेरात घराचा नुसता 'हेर' उरला, सासरात तर 'र' एवढाच. त्या मानाने सुगरणीत घर पुष्कळ शाबूत आहे. मला वाटतं, 'सु' हा तुकडा लोकांना वेगळा जाणवत राहिला, त्यामुळे पुढचं घर इतकं विरघळलं नाही. आणि एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. माहेर आणि सासर ही दुसऱ्या कुणाच्या नावाने ओळखली जाणारी घरं आहेत. सुगरणीच्या शब्दात जे घर आहे ते तिचं आहे.

आता अर्थाकडे. 'घरिणी' म्हटल्यावर जुन्या काळी लोकांच्या डोळ्यांसमोर काय येत होतं? आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला सातशे गाथांचा संग्रह आहे. त्यात अगदी सुरुवातीलाच एक घरिणी भेटते. रांधण्याच्या कामात तिच्या हाताला काजळी लागलेली असते, तोच हात चेहऱ्याला लागतो, आणि आता हा चेहरा खरोखर चंद्रासारखा झाला, डागासकट, म्हणून नवरा हसतो. गाथा गोड आहे, पण मला त्यातल्या एका गोष्टीकडे बोट दाखवायचंय. कवीने 'घरिणी' म्हटलं आणि पुढे 'महाणसकम्म', म्हणजे मुदपाकखान्यातलं काम, हे वेगळं सांगितलं. नुसत्या घरिणी शब्दातून स्वयंपाक निघत असता तर त्याला तसं सांगावं लागलं नसतं. रांधणं हे घरिणीच्या अनेक कामांपैकी एक होतं.

याच काळातली घरं आणि घरधनिणी पाहायला नाशिककरांना पुस्तकही उघडावं लागत नाही. पांडवलेण्यावर जा. अठरा क्रमांकाचं लेणं, जे चैत्यगृह आहे, तिथल्या लेखात भटपालिका नावाच्या बाईने ते पूर्णत्वाला नेल्याचं कोरलं आहे. राजाच्या अमात्याची ती मुलगी, आणि नवरा भांडागारिक, म्हणजे कोठाराचा अधिकारी. लेखात त्या जागेला शब्द वापरलाय 'चेतियघर'. 'गृह' नाही, 'घर'. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगराच्या आसपास लोक घराला घरच म्हणत होते, आणि तो शब्द एका बाईच्या नावासोबत दगडात आहे. मी विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जायची तेव्हा हा एक शब्द दाखवल्याशिवाय खाली उतरू द्यायची नाही.

तिथून दहा क्रमांकाच्या लेण्याकडे या. नहपान या क्षत्रप राजाची मुलगी आणि उषवदाताची बायको दखमित्रा हिने दिलेल्या खोलीवर लेख आहे. खोलीला शब्द आहे 'ओवरको'. देवळाच्या आवारात यात्रेकरू उतरायचे त्या ओवऱ्या, त्यांचा हा पूर्वज. आणि दखमित्रेला म्हटलंय उषवदाताची 'कुडुंबिनी'. कुटुंबिनी. पुढे याच शब्दाची कुणबीण झाली, शेवटचा स्वर जाऊन, नेमकी सुघरिणीची सुघरीण झाली तशी. दखमित्रा राजकन्या होती, तिची आणि शेतकऱ्याच्या बायकोची बरोबरी करायला मी निघालेले नाही. पण तिने दिलेलं दान तिच्या नावाने नोंदलं गेलंय, हे पाहा. कुडुंबिनी म्हणजे जिच्या हाती काही आहे, जी देऊ शकते. घरिणी आणि कुडुंबिनी या शब्दांना घराच्या व्यवहाराचा वास आहे. खेड्यात आजही बायकोला 'कारभारीण' म्हणतात, तो याच जातीचा शब्द.

आता सुगरणीकडे परत येते. त्या शब्दाचा जुना, भरलेला अर्थ मराठी माणसाने एका वाक्प्रचारात जपून ठेवलाय: कोंड्याचा मांडा करणे. शहरात वाढलेल्या पुष्कळांना हा वाक्प्रचार माहीत असतो, पण मांडा पाहिलेला नसतो, म्हणून त्यातलं बळ कळत नाही. आपल्याकडे बागलाण, मालेगावपासून पुढे खानदेशात मांडे होतात. त्याला साधी कणीक चालत नाही. गहू ओलवून दळायचे, ते पीठ कापडातून गाळायचं आणि जे रेशमासारखं सपीट हाती येईल ते भिजवून, तिंबून, पाणी लावत लावत इतकं मऊ करायचं की गोळा हातातून ओघळू पाहतो. पुरण भरून ती पोळी आधी लाटायची, मग दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत खेळवत मोठी करायची, आणि चुलीवर उपडं घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायची. पोळी फाटली तर पुरण खापरावर जळतं आणि पुढची चिकटते. हा मांडा. त्यासाठी पीठ गाळताना जे बाजूला फेकलं जातं, तो कोंडा. आता वाक्प्रचार पुन्हा वाचा. जे टाकून द्यायचं त्यातून जे सगळ्यांत अवघड ते करणारी, ती सुगरण. यात चव आहेच, पण त्याहून जास्त आहे ती टंचाईशी झुंजण्याची बुद्धी. घरात काय आहे, काय नाही, किती दिवस पुरवायचंय, आणि आलेल्या पाहुण्याला ते कळू द्यायचं नाही, हे सगळं त्यात आलं.

माझ्या सासूबाई कळवणकडच्या. त्यांच्या तोंडी सुगरण हा शब्द क्वचित यायचा, आणि यायचा तेव्हा कधी पदार्थाच्या चवीवर नसायचा. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ती वर्षभर किडू न देणारी बाई, गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला वेळेवर घालणारी, चाळीतला कुठला कांदा आधी खायचा आणि कुठला दिवाळीपर्यंत टिकेल हे हाताने चाचपून सांगणारी, अशांना त्या सुगरण म्हणायच्या. एकीच्या हाताला चव फार होती. तिच्याबद्दल त्या म्हणायच्या, "हात गोड आहे तिचा." सुगरण म्हणायच्या नाहीत, कारण तिच्या घरी महिन्याच्या शेवटी उसनवारी चालायची. 'हाताला चव असणे' आणि 'सुगरण असणे' हे दोन वेगळे दाखले होते.

या शब्दामागचं कसब जवळून पाहायचं असेल तर चैत्रात कुरडया करणाऱ्या बाईशेजारी बसावं. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, कापडातून पिळून चीक काढायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी वर पिवळसर निवळी येते, ती हलक्या हाताने ओतून द्यायची, खाली घट्ट पांढरा चीक राहतो. इथपर्यंतचं काम सांगितलं तर कुणीही करेल. खरा प्रसंग पुढे. चीक वाटीने मोजायचा, त्या मापाने पाण्याला मीठ-हिंग घालून आधण आणायचं, आणि एकीने धार धरायची, दुसरीने न थांबता घोटायचं. चीक आधी दुधाळ असतो. मग जड होतो, हात भरून येतो, गुठळी होईल असं वाटतं. मग एका क्षणी त्याचा पांढरा रंग जातो, काचेसारखी झळाळी येते आणि तो पातेल्याच्या कडेपासून सुटू लागतो. झाकण ठेवून वाफ आणायची ती तेव्हा. घाई झाली आणि कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचे तुकडे पडतात, तेलात फुलत नाही. उशीर झाला तर सोऱ्यातून उतरत नाही. वर्षाची बेगमी त्या थोड्या वेळात ठरते. ऊन कसं आहे, गहू जुना की नवा, निवळी किती निघाली, यावर पाण्याचं माप दरवर्षी थोडं बदलतं, आणि ते कुठल्याही वहीत लिहिलेलं नसतं. सुगरणीला ते दिसतं. डोळा, हात आणि आठवण या तिन्हींचा मेळ बसल्यावर जो निर्णय होतो त्याला आपण 'अंदाज' म्हणतो, आणि 'तिचा अंदाज चुकत नाही' ही मी सुगरणपणाची सगळ्यांत नेमकी व्याख्या मानते. फवारणी आज करायची की ढग पाहून उद्यावर ढकलायची, हे तुम्ही ज्या बळावर ठरवता ते याहून वेगळं नसावं.

मग अर्थ आक्रसला कसा? माझं मत सांगते. घरातली कामंच घराबाहेर गेली. दळण गिरणीत गेलं, वर्षाचं धान्य भरायची कोठी जाऊन महिन्याचा किराणा आला, दही-लोणी डेअरीतून येऊ लागलं, पापड-कुरडया पिशवीत मिळू लागल्या. घर चालवण्यातलं जे बाहेरच्या माणसाला दिसतं, असं ताटातलं अन्न तेवढं उरलं. कौतुक दिसणाऱ्या गोष्टीचं होतं, म्हणून शब्द ताटाला चिकटला. पुढे पाककलेच्या स्पर्धांनी आणि मसाल्यांच्या जाहिरातींनी तो अर्थ पक्का केला. आज कोशातही 'पाककुशल स्त्री' हा अर्थ ठळक आहे, आणि तो चूक नाही. भाषा लोक वापरतात तशीच चालते. पण जुना अर्थ मेलेला नाही, आणि तो असताना फक्त अर्धा शब्द वापरावा याचं मला वाईट वाटतं.

त्याहून वाईट वाटतं ते या शब्दाची मागणी होते तेव्हा. लग्नाच्या जाहिरातीत 'सुगरण, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे' असं वाचलं की मला राग येतो. सुगरण हा वर्षानुवर्षांचं काम पाहिल्यावर द्यायचा शब्द आहे. बावीस-चोवीस वर्षांच्या मुलीकडे तो आगाऊ मागणं म्हणजे शब्दाचाही अपमान आणि तिचाही. तुम्हाला जे खटकलं त्यामागे हेही असेल तर ते मला पूर्ण मान्य आहे. मात्र तुमच्या बाबतीत शब्द मागितला गेलेला नाही, दिला गेलाय, तोही तुमचं काम रोज पाहणाऱ्या बाईकडून.

आता पक्षी. हा भाग माझा फार आवडीचा. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारे खोपे तुम्ही निफाड-सिन्नरच्या बाजूला पाहिले असतील. संस्कृतात या जातीच्या पक्ष्याला 'सुगृह' म्हणजे ज्याचं घर चांगलं तो, आणि 'सुगृही' अशी नावं आहेत. पंचतंत्रातली गोष्ट आठवते का? पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला घरट्यातला पक्षी म्हणतो, तुला माणसासारखे हातपाय आहेत, मग घर का नाही बांधत? माकड चिडून त्याचं घरटं मोडतं. त्या गोष्टीच्या श्लोकात शेवटी येतं की मूर्ख वानराने 'सुगृही'ला 'निर्गृही' केलं, चांगल्या घराच्या धन्याला बेघर केलं. आपल्या बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेत हीच तुलना उलट बाजूने येते: तिला उलूशी चोच, आणि माणसा, तुला देवाने दोन हात दहा बोटं दिली. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. झाडाला टांगलेला खोपा बघून दोन काळांतल्या माणसांच्या मनात एकच विचार आला, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

मग नाव आधी कुणाचं? 'चांगली गृहिणी' याचंही संस्कृत रूप सुगृहिणी, आणि 'चांगलं घर असलेली' याचंही रूप सुगृहिणी. म्हणजे बाई आणि पक्षीण एकाच रूपात आधीपासून मावतात. गुजरातीत पक्ष्याला 'सुघरी' म्हणतात, तिथे पक्ष्याचं नाव वेगळ्या वाटेने आलेलं दिसतं. मराठीत मात्र पक्ष्याच्याही नावात तो ण आहे, म्हणजे आपल्या लोकांनी त्या पक्ष्याकडे घरधनीण म्हणूनच पाहिलं. कुणी कुणाचं नाव घेतलं हा वाद मला लावावासा वाटत नाही, कारण दोघींच्या नावात घर हेच मूळ आहे. पक्ष्याचा दाखला त्या दृष्टीने पक्काच आहे. त्याच्या नावाचा रांधण्याशी काय संबंध? तरी तो सुगरणच.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. खोपा विणतो तो नर. पावसाळा आला की त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते, आणि तो गवताच्या, भाताच्या पात्यांच्या लांब चिरा काढून आणतो, फांदीला गाठ मारतो आणि विणत जातो. खोपा अर्धा झाला की माद्या येतात, आत शिरून पारख करतात. पसंत पडला तर नर पुढचं, लांब नळीसारखं दार विणून काम पुरं करतो. नाही पडला तर तो खोपा तसाच लोंबत राहतो. आत तो ओल्या चिखलाचे गोळेही लावतो. त्यावरूनच खोप्यात उजेडासाठी काजवे चिकटवतात ही समजूत निघाली. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहून या पक्ष्याचं बारकाईने निरीक्षण केलं, आणि अर्ध्या खोप्याची ही पारख त्यांनीच नीट मांडली. एक मादी स्थिरावली की तोच नर दुसरा खोपा विणायला घेतो, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे विणणारा तो, आणि घर राहण्याजोगं आहे की नाही हे ठरवणारी ती. शब्दाचा जुना अर्थ धरला तर सुगरण हे नाव मादीला शोभतंच. पारख हा सुगरणपणाचा गाभा आहे, हे मी वर चिकाच्या बाबतीत सांगितलंच.

शेवटी तुमच्या यजमानांचा प्रश्न. मराठीत सुगरणीला पुल्लिंगी जोडीदार नाही. सुतारीण सुतारावरून आली, कुंभारीण कुंभारावरून, मास्तरीण मास्तरांवरून. म्हणजे आधी तो, मग त्याच्यावरून ती. सुगरण कुणावरूनही आलेली नाही. तो 'सुगर' आणि त्याची बायको सुगरण, असं कधी झालंच नाही. मराठीतल्या -ईण, -अण लागणाऱ्या शब्दांच्या मोठ्या गोतावळ्यात नवऱ्याच्या धंद्यावरून न आलेला, बाईने स्वतःच्या कामावर कमावलेला असा हा शब्द आहे. पुरुषासाठी आपल्याकडे आचारी आहे, पण तो धंदा झाला. गौरवाने बल्लवाचार्य म्हणतात, तेही विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेल्या भीमावरून. घरी मन लावून रांधणाऱ्या पुरुषाला हे दोन्ही अंगाला येत नाहीत. काही घरांत हल्ली 'आमचे हे सुगरण आहेत' असं सरळ म्हणतात. व्याकरणाच्या अंगाने मला त्यात अडचण दिसत नाही. 'सुगरण सून', 'सुगरण हात' असा तो विशेषणासारखा आपण वापरतोच, आणि 'चांगला-चांगली'सारखी आ-कारान्त विशेषणं सोडली तर विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. 'सुंदर'चं जे तेच 'सुगरण'चं. पण वापरताना पूर्ण अर्थाने वापरा. यजमान रविवारी झकास मिसळ करतात एवढ्यावर हा शब्द देऊ नका, त्याला 'हात चांगला आहे' पुरे. डाळीला एरंडेल लावायचं राहिलंय हे ज्या दिवशी त्यांच्या स्वतःहून लक्षात येईल, त्या दिवशी खुशाल द्या.